वेशीवरचे मूल

जबलपूरच्या बडा फुहारा भागात, सराफ्याच्या गर्दीत, कमानिया गेट उभे आहे. नावात गेट असले तरी ते कोणाला अडवीत नाही. ते कोणत्याही तटाचा भाग नाही आणि त्याच्याखालून जाणाऱ्याला कोठून आलास, कोठे चाललास असे कोणी विचारीत नाही. १९३९ च्या मार्च महिन्यात जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले, त्याची ही स्मृती आहे. मराठी वाचकाला हे शहर परके वाटू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, पुढे इंग्रजांकडे. आणि १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती त्या प्रांतातच ते राहिले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली मराठी घरे आहेत, आणि त्या घरांतील नातवंडे आता न्यू जर्सीत, सिडनीत आणि दुबईत वाढत आहेत.

त्रिपुरी अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. २९ जानेवारी १९३९ रोजी झालेल्या निवडणुकीत त्यांनी पट्टाभि सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला होता आणि त्या निकालाने पक्षाचे मन दुभंगले होते. अध्यक्ष त्रिपुरीला आले ते तापाने फणफणलेले. ५२ हत्तींच्या मिरवणुकीत त्यांच्या जागी त्यांचे छायाचित्र निघाले. अधिवेशनाच्या ठिकाणी त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. डॉक्टरांनी तपासून जबलपूरच्या इस्पितळात हलविण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. पण या आजाराहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हा आजार खरा आहे यावर पुष्कळांचा विश्वासच बसेना. राजकीय अडचण टाळण्यासाठी घेतलेले हे सोंग आहे, अशी कुजबुज चालू होती. पुढे एप्रिल १९३९ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये त्यांनी आपल्या या विलक्षण आजारपणावर एक लेखच लिहिला आणि त्या अविश्वासाची व्यथा मांडली.

ताप ही अत्यंत खाजगी गोष्ट आहे. तो ज्याच्या अंगात असतो त्यालाच तो कळतो. इतरांना कळावा म्हणून आपण एक काचेची नळी शोधून काढली. पण नळीतला पाराही ज्याला मानायचा त्यालाच मानता येतो. विश्वास संपला की माणूस दाखला मागतो, हे खरे. मात्र विश्वास पुरता संपलेला असेल तर दाखलाही कामाला येत नाही, हेही तितकेच खरे. कागद हा विश्वासाच्या उरलेल्या चतकोरावर चालतो. साथीच्या काळात देशोदेशींच्या सीमांवर जे कागद मागितले गेले त्यांचा विचार करताना हा चतकोर विसरून चालणार नाही.

मराठीत ‘सीमा’ या शब्दाहून आपल्या हाडीमांसी खिळलेला शब्द म्हणजे वेस. वेशीच्या आत आपले, वेशीबाहेर परके. आणि रोगराई आली की ती नेहमी बाहेरूनच आलेली, असे वेशीचे साधे शास्त्र. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवायचा, तिची पूजाअर्चा करायची आणि तो गाडा वाजतगाजत आपल्या वेशीबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा, ही प्रथा महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती. पुढचे गाव तोच गाडा त्याच्या पुढच्या गावाकडे ढकली. या प्रथेला भोळसट म्हणून हसणे सोपे आहे. परंतु २०२० नंतरच्या दोन वर्षांत जगातील प्रगत राष्ट्रांनी विमानतळांवर जे केले त्यातला बराचसा भाग गाडा ढकलण्याचाच होता, हे ज्याने ते पाहिले तो नाकारणार नाही. आणि या वेळी गाड्यात पुष्कळदा लहान मुले बसलेली होती.

प्रश्न इथून सुरू होतो. साथीच्या दिवसांत लेकरांना घेऊन परदेशी जाणाऱ्या, किंवा परदेशातून घरी परतणाऱ्या, आईबापांकडून वेशीवर जे मागितले जाते ते देण्याचे बंधन त्यांच्यावर नेमके कोणाप्रति असते? राज्याप्रति, सहप्रवाशांप्रति, की स्वतःच्या मुलाप्रति? तिन्ही बंधने एकाच दिशेने ओढीत असतील तोवर प्रश्न पडत नाही. ती निराळ्या दिशांनी ओढू लागली की मात्र आपली नीती किती कच्च्या सुतावर उभी होती ते कळते.

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोविडचे पहिले चार रुग्ण आढळले, ते जबलपुरात. चौघेही परदेशातून परतलेले होते, आणि त्यांपैकी तिघे एकाच कुटुंबातील होते. तोपर्यंत शहराची समजूत अशी होती की वेस मुंबईला किंवा दिल्लीला आहे. डुमना विमानतळावर परदेशाचे विमान उतरत नाही, तेव्हा आपल्याला काळजी नाही. त्या एका दिवसात कळले की वेस दर घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपली आहे. मग जे सगळीकडे झाले ते तेथेही झाले. परदेशातून आलेला माणूस, ज्याच्या आगमनाच्या दिवशी कालपरवापर्यंत शेजारी पेढे मागत होते, तो संशयित ठरला. दारांवर सूचना लागल्या, हातांवर शाईचे शिक्के बसले. माणसाला माणसाचे भय वाटणे हे साथीत स्वाभाविक आहे आणि मी त्याला क्रौर्य म्हणणार नाही. पण भयाला पोट भरायला नाव लागते, आणि नाव मिळाले की ते लहानमोठे पाहत नाही. घरात विलग ठेवलेल्या मुलाला खिडकीतून समोरच्या मैदानातील मुले बोट दाखवितात, तेव्हा त्याला विषाणूची रचना ठाऊक नसते. आपण काहीतरी वाईट आहोत, एवढेच त्याला समजते.

आता नियमांकडे वळू. साथ एक, विषाणू एक. पण मूल कोणाला म्हणायचे याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून विमानाने येणाऱ्या प्रत्येकाकडे संसर्ग नसल्याचा अहवाल मागितला आणि त्यातून फक्त दोन वर्षांखालील मुलांना वगळले. इंग्लंडने त्याच सुमारास प्रवासापूर्वीच्या तपासणीतून अकरा वर्षांखालील मुलांना सूट दिली. भारताने नोव्हेंबर २०२१ च्या सूचनांत पाच वर्षांखालील मुलांना प्रवासापूर्वीच्या आणि आगमनानंतरच्या तपासणीतून मोकळे ठेवले, मात्र लक्षणे दिसली तर तपासणी करावी असे म्हटले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळावरच्या नमुना तपासणीतून बारा वर्षांखालील सर्वांना वगळले. म्हणजे सहा वर्षांची एकच मुलगी एका देशाच्या दारात निरागस होती, दुसऱ्याच्या दारात संशयित, आणि तिसऱ्याच्या दारात वर्षभराच्या अंतराने आधी संशयित आणि मग निरागस.

नियमाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि कोणतीही रेघ थोडीफार मनमानीच असते, असे यावर उत्तर येईल. ते मला मान्य आहे. मतदानाला अठरा वर्षेच का, याचेही उत्तर कोणाला देता येत नाही. आक्षेप रेघेवर नाही. ती रेघ कशासाठी ओढली हे कोणीच सांगितले नाही, यावर आहे. मुलाला सूट देण्याची कारणे निरनिराळी असू शकतात. त्याला हा रोग सहसा सौम्य होतो, हे एक कारण. पण ते मुलाच्या हिताचे आहे, इतरांच्या सुरक्षिततेचे नव्हे. नाकात काडी घालून नमुना घेणे लहान जिवाला जाचक होते, हे दुसरे; ते करुणेचे कारण आहे. त्याच्यासाठी लस उपलब्धच नाही, हे तिसरे. ते न्यायाचे कारण आहे, कारण जी गोष्ट मिळतच नाही ती मागणे हा अन्याय होय. भारतात १५ ते १८ वयोगटाला लस ३ जानेवारी २०२२ पासून मिळू लागली आणि १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून. बारा वर्षांखालील मुलांसाठी सरकारी लसीकरण मोहीम निघालीच नाही. जेव्हा करुणा, न्याय आणि सोय ही तिन्ही कारणे एकाच ओळीत, एकाच अंकामागे लपविली जातात, तेव्हा पालकाला आपण काय पाळतो आहोत तेच कळत नाही. ज्याचा हेतू कळत नाही तो नियम माणूस भीतीने पाळतो, आणि भीती टळली की तो मोडायलाही त्याला फारसे काही वाटत नाही.

मुंबई-दिल्लीपासून दूर राहणाऱ्यांच्या वाट्याला यात आणखी एक अडचण आली, आणि राजधानीत बसून नियम लिहिणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही. अहवाल किती तासांच्या आतला हवा, याचे घड्याळ नमुना घेतल्यापासून चालू होते. बहात्तर तास असतील तर जबलपुरात नमुना द्यावा, अहवालाची वाट पाहावी, रात्रीची गाडी पकडावी आणि मुंबईला पोहोचावे, एवढे कसेबसे जमत असे. अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून ही मुदत एका दिवसावर आणली, तेव्हा जबलपूर, अमरावती किंवा लातूरच्या कुटुंबाला मुलांसह महानगरात एक-दोन दिवस आधी जाऊन राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कागदावर नियम सर्वांना सारखा होता. ज्याच्यापाशी पैसा आणि महानगरात आप्त आहेत त्याला तो पाळणे सोपे होते, एवढेच.

या सर्व ओढाताणीत एक कृती घडत असे. तिच्याविषयी कोणी उघड बोलत नसे, पण ती प्रवासी कुटुंबांत सर्वांना ठाऊक होती. मुलाला निघण्याच्या सकाळी थोडी कणकण आहे. अहवाल चार दिवसांपूर्वी ठरविल्याप्रमाणे काढलेला, निर्दोष आहे. तिकिटांचे पैसे परत मिळणार नाहीत. पलीकडे वडिलांची नोकरी थांबली आहे, किंवा अलीकडे आजी अंथरुणाला खिळली आहे. आई ताप उतरविण्याच्या औषधाचा एक चमचा मुलाला देते आणि सांगते, “तिथे माणूस कपाळाकडे यंत्र धरील, शांत उभा राहा. आणि खोकायचं नाही हं.”

या चमच्याचा नैतिक हिशेब मांडू पाहणाऱ्याला प्रथम हे कबूल करावे लागते की, एरवी हीच कृती वात्सल्याची आहे. तापलेल्या मुलाला औषध देणे हे आईचे कर्तव्यच. औषध तेच, चमचा तोच. फक्त हेतू बदलला आहे. मुलाला बरे वाटावे म्हणून दिलेला चमचा आणि यंत्राला कळू नये म्हणून दिलेला चमचा, यांत बाहेरून काडीचा फरक दिसत नाही. नीतिशास्त्रात हेतूला महत्त्व देणारे आणि परिणामाला महत्त्व देणारे असे दोन पक्ष पूर्वापार भांडत आले आहेत. येथे दोघांचीही पंचाईत होते. हेतुवादी म्हणेल, हे फसविणे आहे. पण आईच्या मनात दोन्ही हेतू एकाच वेळी असतील, आणि तिचे तिलाही त्यांचे प्रमाण सांगता येणार नाही. परिणामवादी म्हणेल, कणकण बहुधा साध्या पडशाची असेल, कोणाचे काही बिघडणार नाही. पण ‘बहुधा’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्याच्या अंगावर त्याची किंमत पडणार आहे त्याला आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्याला आईने विचारलेले नाही.

माझ्या मते या चमच्यातील खरा दोष औषधात नाही, पुढच्या वाक्यात आहे. “खोकायचं नाही हं.” या वाक्यापर्यंत फसवणूक मोठ्यांची होती, या वाक्याने मूल तिच्यात भागीदार झाले. जे स्वतः संमती देऊ शकत नाही म्हणून आपण त्याच्या वतीने सह्या करतो, त्यालाच आपण सोंग वठवायला सांगितले. सुभाषबाबूंचा ताप खरा असून लोकांना तो सोंग वाटला होता; येथे निरोगीपणाचे सोंग आहे आणि ते खरे वाटावे असा आग्रह आहे. मुलांना खोटे समजत नाही असे म्हणणाऱ्याने मुले पाहिलेली नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला खोकला दाबताना आपण कशापासून लपतो आहोत हे नीटसे कळणार नाही, पण आपण लपतो आहोत हे त्याला पक्के कळते. आणि आपल्या अंगातील आजार म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट आहे, हा धडा ते मूल पुढे किती वर्षे जवळ बाळगील, याचा हिशेब कोणत्याही तिकिटाच्या किमतीत धरलेला नसतो.

बनावट अहवाल विकत घेणाऱ्यांविषयी मी येथे फारसे लिहीत नाही. असे गुन्हे २०२१ मध्ये अनेक शहरांत नोंदविले गेले, आणि ते गुन्हेच होते. त्यांत नैतिक गुंता नाही. गुंता आहे तो प्रामाणिक माणसाच्या घरात.

साथ, प्रवास आणि मुले यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ती लस बगदाद, बसरा असा प्रवास करून आली होती. तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. एकाच्या दंडावर फोड उठवायचा, त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचायचा, अशा साखळीने ती जिवंत ठेवावी लागे. ॲनाच्या दंडावरून ती मुंबईतील इतर मुलांकडे आणि तेथून देशाच्या इतर भागांत गेली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८०३ मध्ये, स्पेनच्या बंदरातून डॉक्टर बाल्मिस यांची मोहीम अमेरिका खंडाकडे निघाली, तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुलगे घेतले होते. ठराविक दिवसांनी दोघादोघांना टोचीत लस समुद्रापार न्यायची होती. या मुलांना परदेश प्रवासाचा दाखला लागला नाही; त्यांचे दंड हाच दाखला आणि तेच सामान. मानवजातीवर त्या मुलांचे उपकार अपार आहेत आणि त्या उपकाराला त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि एकाच्या जोरावर दुसरे खोडून काढण्याचा मोह विचारवंतांनी आवरला पाहिजे. ८ मे १९८० रोजी देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. त्या घोषणेच्या मुळाशी कुठेतरी ही न विचारलेली मुले आहेत.

सत्तेला दाखला मागण्याची चटक कशी लागते, तेही महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग आढळला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. २०२० मध्ये लागू केला गेलेला कायदा हाच, सव्वाशे वर्षांनंतरही. त्याच्या आधारे रेल्वेच्या फलाटांवर उतारूंना रांगेत उभे करून त्यांच्या जांघा आणि काखा चाचपल्या गेल्या. त्यातून किती संताप उसळला आणि २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडचा खून कसा झाला, हे सांगायला नको. त्या वर्षी मुंबईहून हज यात्रेला जाणारी जहाजेही थांबविण्यात आली, कारण व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोपीय राष्ट्रे हिंदुस्थानकडे डोळे वटारून बसली होती. प्लेगच्या बंदोबस्ताचा हेतू लोकांचे प्राण वाचविणे हा होता. तो खोटा नव्हता. पण ज्याच्या काखेत हात घातला जातो त्याला त्या हेतूचा विश्वास द्यावा लागतो, हे त्या राज्यकर्त्यांना सुचले नाही.

त्याच मार्च महिन्यात मुंढव्याजवळच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ पुत्र यशवंत चालवीत असलेल्या दवाखान्यात आणले. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलगा वाचला असे सांगतात. प्रवास काही मैलांचा. पण साथीच्या काळात आजारी मुलाला घेऊन प्रवास करण्याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही. सावित्रीबाईंनी ताप लपविला नाही. तो जेथे दाखवायला हवा तेथे दाखविण्यासाठीच त्या निघाल्या होत्या. आणि धोका त्यांनी दुसऱ्या कोणावर न टाकता आपल्या पाठीवर घेतला. दोन प्रवासांतील फरक नेमका येथे आहे, आणि तो आईवर दोष ठेवण्यासाठी मी सांगत नाही. सावित्रीबाईंच्या मुक्कामाला दवाखाना होता. विमानतळावर ताप दाखविणाऱ्या आईच्या मुक्कामाला काय होते? चौदा दिवसांची कोठडी, मुलापासून ताटातूट होण्याची भीती, परदेशी इस्पितळाचे न परवडणारे बिल. जेथे खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला मार्ग मिळतो, तेथे राज्याने नागरिकांच्या सत्यनिष्ठेवर प्रवचन देऊ नये.

राज्ये स्वतः कशी वागली, तेही पाहू. मार्च २०२० मध्ये भारताने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डावर मिळणारा विनाव्हिसा प्रवेश थांबविला. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ विमाने अडकलेल्यांना आणू लागली, तेव्हा अमेरिकेत नोकरी गमावलेली अनेक भारतीय दांपत्ये विमानतळावर पोहोचली आणि त्यांना कळले की आईबाप जाऊ शकतात, मूल जाऊ शकत नाही. कारण ते तेथे जन्मलेले, त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा. अशा अल्पवयीन मुलांना परवानगी मिळाली ती २२ मे २०२० रोजी. मध्ये जे पंधरा दिवस गेले त्यांत कोणत्या विषाणूपासून कोणाचे रक्षण झाले? आईबापांच्या नाकातील विषाणू आणि मांडीवरच्या बाळाच्या नाकातील विषाणू यांची राष्ट्रीयत्वे निरनिराळी होती काय?

वर्षभराने, भारतात दुसरी लाट शिगेला असताना, ऑस्ट्रेलियाने ३ मे ते १५ मे २०२१ या काळात भारतातून येणाऱ्या आपल्याच नागरिकांना देशात पाऊल ठेवण्यास बंदी केली. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. त्या वेळी पालकांशिवाय भारतात अडकलेली दीडशेहून अधिक ऑस्ट्रेलियन मुले होती. त्यांतील पुष्कळांना आईबापांनी साथीपूर्वी काही महिन्यांसाठी आजीआजोबांपाशी ठेवले होते. आपल्याकडे ही किती साधी गोष्ट आहे: नोकरीची घाई आहे, बाळ लहान आहे, राहू दे काही दिवस आजोळी. पण सरकारी कागदात आजोळ नावाचा रकाना नसतो. पालकांशिवाय लहान मुलाला विमानात घ्यायचे नाही, असा विमानांचा नियम. पालकाला न्यायला येऊ द्यायचे नाही, असा देशाचा नियम. आणि दोन नियमांच्या फटीत चार वर्षांचे मूल, दूरध्वनीच्या पडद्यावर आईला पाहून तोंड फिरविणारे. या मुलांपैकी कोणाकडे कोणता दाखला नव्हता म्हणून त्याला अडविले, असे झाले नाही. निरोगी असल्याचा कितीही पुरावा आणला तरी दार उघडणारच नव्हते. मरीआईचा गाडा माघारी ढकलला गेला होता, एवढेच.

तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे देईन की, वेशीवर सत्य सांगण्याचे बंधन मुळात वेशीवरच्या अधिकाऱ्याप्रति नसते. ते शेजारच्या आसनावर बसलेल्या अनोळखी माणसाप्रति असते. अधिकारी हा त्याचा मुखत्यार. म्हणून मुखत्यार अन्यायी निघाला, मूर्ख निघाला, तरी अनोळखी माणसाचे देणे बुडत नाही. सहा वर्षांच्या मुलीची तपासणी तर्कदुष्ट रेघेमुळे मागितली असली तरी तिला ताप असेल तर तो सांगितला पाहिजे. पण याच तर्काची दुसरी बाजूही आहे आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. मुखत्याराचे अधिकार मूळ मालकाहून मोठे असू शकत नाहीत. शेजारच्या आसनावरील कोणाही सज्जन माणसाला आपण विचारले असते, “तुमच्या सुरक्षेसाठी या मुलाला आईपासून वर्षभर दूर ठेवू का?” तर तो काय म्हणाला असता? तो जे कधीच मागणार नाही ते त्याच्या नावाने मागण्याचा हक्क राज्याला कोठून आला? रोगाच्या दाखल्याची मागणी आणि वंशाचा, पासपोर्टाचा, गरिबीचा संशय यांच्यातील सीमा नेमकी या कसोटीवर ओळखता येते, असे मला वाटते. अर्थात भयाच्या दिवसांत शेजारचा माणूस सज्जन राहतो की नाही, ही शंका उरतेच. जबलपूरच्या खिडकीतून दिसलेली बोटे मी विसरलो नाही.

हे सगळे संपले, असे मानायचे कारण नाही. कोविडचे बहुतेक प्रवेशनियम २०२३ च्या मध्यापर्यंत उठले. पण पीतज्वराचे आणि पोलिओचे दाखले त्यापूर्वीही होते आणि नंतरही राहिले. पीतज्वराची लस नऊ महिन्यांखालील अर्भकाला सामान्यतः देत नाहीत, म्हणून त्याच्याकडे दाखलाही मागत नाहीत; डासाला अर्थातच ही सूट ठाऊक नसते, आणि तान्ह्याला घेऊन अशा प्रदेशात जायचे की नाही हे शेवटी कोणत्याही अधिकाऱ्याने न विचारलेल्या प्रश्नासारखे पालकांपुढे उरते. पोलिओची तऱ्हा निराळी. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, आणि त्याच सुमारास पोलिओ असलेल्या देशांतून येणाऱ्या व तेथे जाणाऱ्या प्रवाशांनी निघण्यापूर्वी किमान चार आठवडे तोंडावाटे डोस घ्यावा, असा नियम भारताने केला. त्यात वयाची रेघ नाही. आजोबांनीही जीभ पुढे करायची आणि नातवानेही. मूल संशयित नाही, निरागसही नाही. ते केवळ घरातील एक माणूस आहे. मला हा नियम इतर अनेक नियमांहून अधिक सभ्य वाटतो. मोठ्या माणसाला दोन थेंबांसाठी मान वर करून तोंड उघडावे लागते हे पाहून मुलांना किती आनंद होतो, तो भाग वेगळा.

आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांना जोडलेल्या परिशिष्टात लसीकरणाच्या दाखल्याविषयी काही रूक्ष अटी आहेत. दाखला एकेका व्यक्तीचा असावा, अनेकांचा मिळून एक चालणार नाही. मुलांना स्वतंत्र दाखले द्यावेत. म्हणजे आईच्या पासपोर्टावर मूल चिकटविण्याचा जो काळ होता तो येथे मान्य नाही. सहीविषयीही एक अट आहे: मुलाला लिहिता येत नसेल तर आईवडिलांनी किंवा पालकाने सही करावी. अटीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यात वयाचा उल्लेखच नाही. दोन, पाच, अकरा, बारा यांपैकी कोणतीही रेघ नाही. नुकतेच बाराखडी शिकलेले, ‘श्री’ची वेलांटी उलट्या बाजूला काढणारे मूल असेल, तर त्या पिवळ्या पुस्तिकेतील रेघेवर त्याने स्वतः आपले नाव लिहायचे आहे. मागच्या रांगेने कितीही घाई केली, तरी ते लिहून होईपर्यंत टेबलापलीकडच्या माणसाला थांबावे लागेल.